उंच माणसाचं रक्त

त्या पुस्तकाला कव्हर नव्हतं. सुरुवातीची पानंही गेलेली होती, त्यामुळे त्याचं नाव काय आणि लिहिणारा कोण, हे मला आजतागायत ठाऊक नाही. भिलाईच्या मराठी मंडळाच्या कपाटात ते सगळ्यात खालच्या फळीवर पडलेलं असायचं. गुरुवारी कपाट उघडायचं आणि आम्ही सेक्टरातल्या बायका हळदीकुंकवाला जावं तशा नटून पुस्तकं बदलायला जायचो. किल्ली सांभाळणारे काका मला म्हणाले, "हे नका नेऊ बाई, याच्यात सगळं रक्तच रक्त आहे." आता असं सांगितल्यावर कोणती बाई ते पुस्तक तिथे सोडून येईल?

गोष्ट होती एका डॉक्टरची. डोंगरात त्याचं बाळंतपणाचं हॉस्पिटल, पांढरेशुभ्र केस, आवाज साखरेचा. पोटुशी बाई आली की तो तिला एक सुई टोचायचा आणि म्हणायचा, बाळाचं रक्त मी आतल्या आत दुरुस्त करून देतो. त्याच्याकडे जन्मलेलं एकही लेकरू आजारी नसायचं. सगळी कशी गोरीगोमटी, बाळसेदार. मग एका नर्सला कळतं की, ज्यांची दुरुस्ती फसते ती बाळं पाळण्यातून नाहीशी होतात आणि त्यांच्या रक्ताच्या बाटल्यांवर कोणीतरी दुसऱ्याच बाळांच्या चिठ्ठ्या चिकटवतं. डॉक्टरच्या तोंडी एक वाक्य सारखं यायचं, "दोष असलेलं मूल जन्मालाच येता कामा नये." ते वाक्य आलं की माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा आणि मी उठून लेक कुठे आहे ते बघून यायची. भुताखेतांना मी कधी भ्यायले नाही. आमच्या भंडाऱ्याकडच्या गावात पिंपळाखालून एकटी यायची मी. पण हा गोड बोलणारा डॉक्टर माझ्या मानगुटीवर बसला.

"काय वाचून राहिली वो एवढं? वरण करपून राह्यलं," सासू ओरडायची.

सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, बाबांची थोरली बहीण. आमच्याकडे भावाची मुलगी बहिणीने सून करून न्यायची, ही जुनी रीत. माझ्या लग्नात मांडवातला प्रत्येक जण बाबांचा हात धरून म्हणत होता, "चांगलं झालं, घरचं रक्त घरातच राह्यलं." मलाही ते बरंच वाटलं होतं. परक्या सासूच्या शिव्या खाण्यापेक्षा आत्याच्या शिव्या बऱ्या. आत्या शिव्या देताना हात आखडता घेत नव्हती, पण मी उपाशी झोपले असं तिच्या घरात कधी झालं नाही. नवरा स्टील प्लांटमध्ये, कोक ओव्हनच्या भट्टीवर. धाकटे दीर हथखोजच्या एका कारखान्यात. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे आत्याने लावलेली तुरीची चार झाडं, आणि माझी सहा वर्षांची लेक.

लेकीचं दुखणं जन्मापासूनचं. तान्ही असताना तिच्या हातापायांची बोटं सुजून गाजरासारखी झाली, तेव्हा आत्या म्हणाली, वारं लागलं. डोळे पिवळे झाले तेव्हा सुपेल्याच्या एका वैद्याची काविळीची मुळी तिच्या गळ्यात बांधली. थंडीत तिचे पाय इतके दुखायचे की लेकरू रडायचंही नाही, दात ओठात रुतवून नुसतं छताकडे बघत राहायचं. रडलं असतं तर परवडलं असतं.

शेवटी शेजारणीने एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. कधी शाळेच्या, कधी मंडळाच्या हॉलमध्ये त्या बसायच्या आणि रक्त तपासायच्या, पैसे घ्यायच्या नाहीत. मी गेले, आणि बघते तर काय, पांढरे केस आणि साखरेचा आवाज! मी लेकीला पदराआड ओढलं. बाई म्हणाल्या, "डरो मत, बस एक बूँद चाहिए." मनात म्हटलं, पुस्तकातलाही असंच म्हणत होता. मी तशीच परत फिरले. घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती हसून हसून लोळली. "पुस्तकं वाचून वाचून पोट्टी पागल झाली!" म्हणाली. दुसऱ्या वेळी तीच लेकीला कडेवर घेऊन माझ्यासोबत आली.

रक्ताचा निकाल आला तेव्हा बाईंनी मला कागदावर एक गोल काढून दाखवला आणि बाजूला एक विळा. चांगलं रक्त गोल असतं, म्हणाल्या, हिचं विळ्यासारखं वाकतं, बारीक नसांत अडकतं, म्हणून दुखतं. पाणी भरपूर पाज, थंडीत जप, गोळ्या चुकवू नको. मी विचारलं, बरी कधी होईल? त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "ये दोनों तरफ से आता है. माँ की तरफ से भी, बाप की तरफ से भी."

दोन्ही बाजूंनी! आमच्याकडे दोन बाजू होत्याच कुठे? आमची तर एकच बाजू. हॉलच्या पायरीवर मी लेकीला मांडीवर घेऊन बसले आणि मला मांडवातले ते सगळे आठवले, बाबांचा हात धरून हसणारे. पुस्तकात निदान एक हरामखोर होता, त्याला शिव्या तरी देता येत होत्या. मी कोणाला देऊ? आत्याला? बाबांना? आपलेच दात, आपलेच ओठ.

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न माझ्या दिराशी ठरलं होतं. बहीणच जाऊ होणार, दोघी एका चुलीवर भांडणार, असं सगळे चिडवायचे. त्या दोघांचं तर लहानपणापासूनच गुळपीठ. ती भिलाईला आली की दीर कामावरून थेट घरी यायचे, एरवी चौकात टवाळक्या करणारा माणूस! तारीख काढायची तेवढी बाकी होती. आणि माझ्या डोक्यात फक्त एकच चालू होतं. मी तपासलं, नवऱ्याने तपासलं, आम्हा दोघांत तो अर्धा दोष निघाला. अर्धा असला तर माणसाला काही होत नाही, कळतसुद्धा नाही. पण दोन अर्धे एकत्र आले की माझ्या लेकीसारखं लेकरू होऊ शकतं. माझ्या बहिणीत तो असेल तर? दिरात असेल तर?

मी बहिणीला बोलावून घेतलं. तिने बाईंपुढे बोट केलं. तिच्यात निघाला.

त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. आत्या भिंतीला टेकून बसली होती. बाईंनी सांगितलं होतं की, मुलगा चांगला निघाला तर लग्नाला हरकत नाही, लेकरांना फार तर अर्धाच येईल. म्हणजे सगळा भार दिरावर. दीर म्हणाले, "हाव, देतो ना रक्त. त्यात काय आहे?" आणि गेले. मी गणपतीला पाण्यात ठेवायचंच बाकी ठेवलं होतं.

निकाल घेऊन दीर सायकलवरून ओरडतच आले, "वहिनी, पास झालो!" आत्याने सुपेल्यातून पेढे आणवले. शेजारपाजारी वाटले. "माया पोट्टा पास झाला," असं ती सगळ्यांना सांगत होती, जणू मॅट्रिकचाच रिझल्ट. बहीण आत जाऊन रडली, मग तोंड धुऊन बाहेर आली आणि दिराला म्हणाली, "परीक्षेत आयुष्यात पहिल्यांदाच पास झाले तुम्ही." सगळे हसले. मीही हसले. कितीतरी महिन्यांनी मला वेळेवर भूक लागली. लग्नाची तारीख निघाली.

मंडळात पुस्तक परत करायला गेले तर पलीकडच्या हॉलमध्ये डॉक्टरीणबाई बसलेल्या. म्हटलं, आपण बाईवर उगाच संशय घेतला, चार पेढे देऊन यावे. पेढे घेऊन त्या म्हणाल्या, "देवर की शादी? अरे वाह. वो लंबा लड़का! सुई देख के ऐसा घबराया, इतना लंबा आदमी, दरवाज़े में सर लगा उसका."

मी "हो, हो" म्हणाले आणि बाहेर आले.

आमच्या घरात उंच कोणीच नाही. नवरा माझ्या बरोबरीचा आणि दीर त्याहून बुटके. मंडळाच्या दाराला त्यांचं डोकं लागायला त्यांना स्टुलावर उभं राहावं लागेल. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलणारा तो माणूस, पुस्तकात ज्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, तो आमच्या क्वार्टरमध्ये राहत होता. रस्ताभर मला वाटत होतं की मागून कोणीतरी येतंय. भरदुपार होती आणि रस्त्यावर एक आइसफ्रूटवाला सोडून कोणी नव्हतं.

घरी आत्या लग्नाच्या पापडांचं पीठ कुटत होती. मी विचारलं, "आत्या, भाऊजींच्या जागी कोण गेलं होतं?"

मुसळ थांबलं नाही. "कुठं?"

"रक्त द्यायले."

मग थांबलं. आत्या खोटं बोलली नाही, तेवढं मात्र कबूल करते. म्हणाली, "त्याचा दोस्त गेला होता. कारखान्यात लागताना डोळ्याच्या तपासणीलेबी तोच गेला होता. तवा काही बिघडलं का? नोकरी लागली का नाही? तपासणी अशीच पास करतेत वो बाई, सगळेच करतेत."

"आत्या, ती नोकरी होती! हे रक्त आहे! दोस्ताचं रक्त पास झालं म्हणजे भाऊजींचं बदलते का?"

"तुले काय वाटते, मले समजत नाही?" आत्याचा आवाज एकदम चढला. "लगन मोडलं तर तुया बाप माया दारात पाय ठेवन का? माया एकच भाऊ आहे. पोरगा झुरून झुरून मरन, तुई बहीण घरी बसन. आन् दोष असनच असं कोनं सांगतलं? असला तर असन. देव पाहून घेईन."

मी म्हटलं, देवाने माझ्या लेकीकडे पाहिलंच आहे. आत्याने मुसळ उचललं आणि पुन्हा कुटायला लागली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, मलाच माहीत. घरात हळकुंडं आली, बस्ता झाला, मी नवरीची बहीण म्हणून मिरवत होते. बोलावं तर लग्न मोडतं, बाबा आणि आत्या कायमचे तुटतात, आणि मला याच घरात आत्याच्या हाताखाली दिवस काढायचे. गप्प बसावं तर? खरेदीसाठी बहीण आमच्याकडेच राहिली होती, रोज संध्याकाळी ती माझ्या लेकीचे पाय दाबून द्यायची आणि मी तिच्या पोटाकडे बघायची. अजून काही नव्हतंही तिथे, तरी मला ते लेकरू दिसायचं, दात ओठात रुतवून छताकडे बघणारं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आईच्या भानगडीत मले नको पाडू." काय बोलावं या माणसाला! भट्टीच्या धगीत उभा राहतो आणि आईपुढे याचं मेण होतं.

शेवटी सुपेल्याच्या बाजारात मी बहिणीला सांगितलं. हिरवा चुडा घ्यायला गेलो होतो आम्ही. कासाराने तिचा हात धरून एक बांगडी चढवली होती आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं. तिने ती बांगडी काढली नाही, दुसरी घातली नाही. "चल," म्हणाली. थेट हथखोजला, कारखान्याच्या गेटवर. दीर सुट्टी होऊन बाहेर आले तर समोर ही, एका हातात एकच हिरवी बांगडी.

"तुमी सोता गेले होते का?"

दिरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "दोस्त गेला होता. आई म्हणे..."

"आता माह्यासंगं चला."

त्यांनी खरं रक्त दिलं. त्यांचा चेहरा त्या वेळी असा पांढरा पडला होता की मला त्यांची कीव आली. वाईट माणूस नव्हता हो तो. त्याला ती खरंच एक परीक्षाच वाटली होती. निकाल यायला वेळ लागला आणि आला तेव्हा आम्हा सगळ्यांना तो आधीच ठाऊक होता. दोन अर्धे. बाई म्हणाल्या, चारात एक. प्रत्येक लेकराच्या वेळी नव्याने चारात एक.

घरात जे भांडण झालं ते सेक्टरभर ऐकू गेलं असेल. बाबा आले होते. आत्या ऊर बडवत होती, की चारात तीन चांगली होतेत ना, मग तीनाकडं पाहा, एकाकडंच काहून पाहता! गावोगाव असंच चालत आलं, लोकं काय मेले का? बाबा पाघळायला लागले. "बहिणीचा शब्द..." असं काहीसं पुटपुटले. बहीण दाराशी उभी, दीर ओसरीत डोकं धरून बसलेले. मला वाटलं, आता हे पुन्हा मांडव घालणार, पुन्हा एकमेकांचा हात धरून हसणार. माझं डोकं फिरलं. माझा राग तसा घरात प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी जे निघालं ते मी कधी काढलं नव्हतं. मी ओरडले, "असं लेकरू जन्माले येताच कामा नये! समजलं का तुमाले? येताच कामा नये!"

आत्याचे ऊर बडवणारे हात थांबले. मला वाटलं, माझं पटलं. आणि त्या शांततेत मला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. साखरेच्या आवाजातलं. ज्या वाक्याला मी इतके दिवस काटा येऊन पुस्तक मिटत होते, तेच, जवळपास तेच शब्द, माझ्या आवाजात.

लग्न मोडलं. बहिणीनेच मोडलं, मी नाही. तिने ती एक बांगडी काढून दिरांच्या पुढ्यात ठेवली आणि बाबांबरोबर गेली. बाबा जाताना आत्याच्या पाया न पडता गेले. दीर आधी कामावर जाईनात, मग कामावरून घरी येईनात. आत्याने माझ्याशी बोलणं सोडलं. बोलायचंच झालं तर भिंतीला सांगायची, "मीठ संपलं म्हणा." मीही भिंतीलाच उत्तर द्यायची. मी खरं तेच केलं होतं. आजही तशी वेळ आली तर मी तेच करेन.

थंडी पडली. एका दुपारी लेकीचे पाय ठणकायला लागले. मी विटेचा तुकडा गरम करून, फडक्यात गुंडाळून तिचे गुडघे शेकत होते. ती छताकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "आई, मावशीचं लगन माह्यामुळं मोडलं ना?"

"नाही रे राजा. कोण म्हणते?"

"तू म्हटलं. माह्यासारखं लेकरू येऊ नाही म्हणून. मी खाटेवर होती, जागीच होती."

पडदा. भांडण झालं त्या खोलीत आणि तिच्या खाटेत एक पडदा तर होता, साडीचा. कोणालाच सुचलं नव्हतं. मी तोंड उघडलं. सांगायचं होतं की बाळा, ते तुझ्याबद्दल नव्हतं, ते दुखण्याबद्दल होतं, तुला दुखतं म्हणून. पण ते तिच्याबद्दलच होतं, दुसरं कोणाबद्दल होतं? आयुष्यात इतकी मी कधी घाबरले नाही, ना त्या डॉक्टरला, ना त्या उंच माणसाला. सहा वर्षांची पोर माझ्याकडे बघत होती आणि मी उत्तर देत नव्हते.

"मी नसती आली तर बरं होतं का?" तिने विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती. कधीपासून, देव जाणे. ती आली, मला कोपराने बाजूला सारलं, माझ्या हातातली वीट घेतली आणि लेकीच्या गुडघ्याला लावली.

"पागल आहे का वं?" आत्या म्हणाली. "मी दुसऱ्याचं रक्त काहून पाठवलं होतं? मले तुह्यासारखीच आणखीन एक पायजे होती. अगदी अशीच. तुई आई भांडकुदळ, तिनं होऊ नाही देल्ली."

"खरंच?"

"भवानीची आन."

लेक हसली. दुखत असतानाही हसली आणि आजीच्या मांडीवर डोकं सरकवलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिथेच फरशीवर बसून राहिले, रिकामे हात घेऊन, आणि वीट निवली तेव्हा आत्याने ती न बोलता माझ्यापुढे धरली, गरम करून आणायला.